जलाशयातल्या माशांच्या पोटातले परजीवी: नवख्यांनी तपासणी कशी करावी

मासा साफ करायला पोट चिरलं आणि आतून पांढरी, हलणारी पट्टी बाहेर आली की बहुतेकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. हे काय आहे, आणि आता हा मासा खायचा की टाकायचा? दोन्हींची उत्तरं पुढे येतील. पण तपासणी शिकायची असेल तर त्याआधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: हा जंत नेमका कुठे होता? आतड्याच्या आत, आतड्याबाहेर पोकळीत, मांसात, की डोळ्यात?

नाव शोधायला सूक्ष्मदर्शक लागतो, जाणकार लागतो, कधी डीएनएपर्यंत जावं लागतं. जागा मात्र पहिल्या मिनिटात कळते आणि ती लिहायची राहून गेली की नंतर कुणीच सांगू शकत नाही. शिवाय जागेवरून निम्मा उलगडा तिथल्या तिथे होतो. आतड्याच्या पोकळीत राहणारा जंत सहसा मुक्कामाला पोचलेला असतो. तो तिथे वयात येतो, अंडी घालतो आणि ती विष्ठेवाटे पाण्यात जातात. पोकळीत मोकळा पडलेला, यकृतावर गुंडाळी करून बसलेला, मांसात गाठ करून राहिलेला जंत बहुधा अजून वाढीच्या वाटेवर असतो. हा मासा कुणीतरी गिळावा, याची तो वाट बघत असतो. तो कुणीतरी म्हणजे बगळा, पाणकावळा, मोठा शिकारी मासा, मांजर किंवा माणूस. या नियमाला अपवाद आहेत, पण सुरुवात करायला नियम चांगला आहे.

जलाशयात जंत का वाढतात

वाहती नदी अडवली की पाण्याबरोबर परजीवींचीही मांडणी बदलते. वाहत्या पाण्यातल्या दगडांना धरून राहणारे किडे कमी होतात, त्यांच्यामार्फत पसरणारे जंतही कमी होतात. उलट साचलेल्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कवचधारी जीव वाढतात. त्यातला सायक्लॉप्स नारूच्या रोगामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांना नावाने तरी माहीत आहे. बऱ्याच फीतकृमींची (पट्टीसारखे जंत) आणि अनेक गोलकृमींची पहिली पायरी हे सायक्लॉप्स किंवा त्यांचे भाऊबंद असतात. उथळ, गवताळ काठांवर गोगलगायी वाढतात आणि त्यांच्यावाचून बहुतेक पर्णकृमींचं (पानासारखे चपटे जंत) चक्र चालूच शकत नाही. मग मासे खाणारे पक्षी येतात. पक्षी, गोगलगाय किंवा सायक्लॉप्स, आणि मासा असे तिघे एका पाण्यावर आले की चक्र पूर्ण होतं.

पाण्याच्या पातळीचंही गणित लक्षात घ्या. पातळी उतरली की काठावरच्या बऱ्याच गोगलगायी उघड्या पडून मरतात. कवचाला झाकण असलेल्या जाती मात्र चिखलात तग धरतात. त्याच वेळी मासे कमी पाण्यात दाटीने राहतात आणि पक्ष्यांना आयते सापडतात. म्हणून एकाच जलाशयात वेगवेगळ्या ऋतूंत वेगळं चित्र दिसतं. एकदाच तपासून ‘इथे जंत आहेत’ किंवा ‘इथे नाहीत’ असं म्हणणं घाईचं ठरतं.

सामान

फार काही लागत नाही. बारीक टोकाची कात्री, दोन चिमटे (त्यातला एक अगदी अणकुचीदार), पातळ पात्याची सुरी, काचेच्या सपाट ताटल्या, मांस दाबायला दोन जाड काचा, ड्रॉपर, झाकणाच्या छोट्या बाटल्या, पेन्सिल, हातमोजे. खालून उजेड देता येणारा, १० ते ४० पट मोठं दाखवणारा विच्छेदन सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तम. तो नसेल तर चांगलं भिंग आणि काळा व पांढरा असे दोन कागद घ्या. काळ्या कागदावर पांढरे जंत चटकन दिसतात, पांढऱ्यावर लाल. एकपेशीय जीव बघायचे असतील तर १०० ते ४०० पट दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक लागेल.

मिठाचं पाणी मात्र आधीच करून ठेवा. १ लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ७ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.७ टक्के. माशाच्या शरीरातला जंत साध्या पाण्यात टाकला तर तो पाणी शोषून फुगतो आणि काही मिनिटांत फुटतो. नवख्यांचे निम्मे नमुने इथेच वाया जातात.

मासा निवडणं

मासा ताजा हवा, शक्य तर जिवंत. मासा मेल्यावर थोड्या वेळाने काही जंत जागा सोडतात. आतड्यातले पोकळीत येतात, पोकळीतले मांसात शिरतात. मग जागेची नोंद खोटी ठरते. मासा लगेच तपासता येत नसेल तर बर्फात ठेवा, पण गोठवू नका. गोठवलेल्या माशातले जंत मेलेले, लिबलिबीत निघतात आणि ओळखायला अवघड जातात. जिवंत मासा असेल तर डोक्यावर जोरकस फटका देऊन आणि लगेच मेंदू भेदून मारा. पाण्याबाहेर तडफडत ठेवण्याची गरज नाही.

निवडीत एक खोच आहे. काठाजवळ, पृष्ठभागाशी, मंदपणे पोहणारा मासा हाती लागणं सोपं असतं, आणि तोच आजारी असण्याची शक्यता जास्त असते. फक्त असे मासे तपासले तर जलाशय आहे त्याहून वाईट दिसेल. जाळ्यात आलेल्यांपैकी काही मोठे, काही छोटे, सगळीकडचे मासे न निवडता उचला. जात, लांबी, वजन, नर की मादी, तारीख, जलाशयाचा कोणता भाग, हे सगळं पोट फाडायच्या आधी लिहून टाका. हात ओले झाल्यावर लिहिणं जमत नाही.

पोट उघडणं

आधी बाहेरून बघा. पोट एका बाजूला फुगलंय का, गुदद्वारातून काही लोंबतंय का, डोळ्याची बाहुली पांढुरकी आहे का, कल्ल्यांवर पांढरे ठिपके आहेत का. गुदद्वारातून लाल, धाग्यासारखं काही डोकावत असेल तर ते कमॅलॅनस जातीचे गोलकृमी असू शकतात. ते मासा जिवंत असतानाच बाहेर डोकावतात, त्यामुळे हे चिन्ह चुकवू नका.

आता मासा उजव्या कुशीवर ठेवा. गुदद्वारापासून पुढे डोक्याकडे, पोटाच्या मधोमध कात्री चालवा. कात्रीचं टोक वर उचललेलं ठेवा, नाहीतर आतडं कापलं जातं आणि आतले जंत पोकळीत सांडतात. मग गुदद्वारापासून वर पाठीकडे आणि पुढे कल्ल्यापर्यंत कापत डावी भिंत झडपेसारखी काढून टाका. सगळे अवयव जागेवर असताना एकदा नीट निरखा. फोटो काढायचा असेल तर तो हाच क्षण.

पोकळी: इथे लिग्युला भेटते

जलाशयाच्या माशांमध्ये नवख्याला हमखास दचकवणारा जंत म्हणजे लिग्युला. कार्पच्या कुळातल्या माशांच्या पोटाच्या पोकळीत, आतड्याबाहेर, लेंग्याच्या नाडीसारखी सपाट, पांढरी, वीतभर किंवा त्याहून लांब पट्टी निघते. कधी एक, कधी अनेक, एकमेकींत गुंतलेल्या. मिठाच्या पाण्यात टाकली की ती सावकाश आखडते आणि सैल होते. नीट पाहिलंत तर मधोमध लांबीभर एक उथळ खाच दिसते. फीतकृमी म्हटल्यावर जे तुकडे-तुकडे डोळ्यापुढे येतात ते इथे बाहेरून नीट दिसत नाहीत, कारण ही वयात आलेली फीत नाही, अळीची अवस्था आहे.

तिचं चक्र असं. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडं पाण्यात पडतं, त्यातून निघालेली अळी सायक्लॉप्ससारखा जीव खातो, तो जीव मासा खातो. माशाच्या आतड्यातून अळी पोकळीत शिरते आणि महिनोन्‌महिने वाढत राहते. मग टिबुकली, पाणकावळा किंवा कुरव तो मासा गिळतो. पक्ष्याच्या उबदार आतड्यात लिग्युला अवघ्या काही दिवसांत वयात येऊन अंडी घालते आणि संपते. थोडक्यात, तिची जवळजवळ सगळी वाढ माशाच्या खर्चाने होते, पक्ष्यात फक्त शेवटचा मुक्काम.

हा खर्च माशाला महागात पडतो. लिग्युला असलेल्या माशांची जननग्रंथी खुरटते, कारण ती माशाच्या संप्रेरकांच्या साखळीतच अडथळा आणते. पोट उघडल्यावर गाभोळी जिथे असायला हवी तिथे नुसता धागा दिसला तर ती नोंद जरूर करा. जंताच्या संख्येपेक्षाही ती जलाशयाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण तो मासा पैदास करणार नाही. असे मासे पृष्ठभागाजवळ रेंगाळतात आणि पक्ष्यांना सोपे सापडतात. जंताला हवं ते आपोआप घडतं.

पोकळीत आणखी दोघे भेटतात. यकृतावर आणि आतड्याभोवतीच्या चरबीत गुंडाळी करून बसलेले, एक-दोन सेंटिमीटरचे फिकट गोलकृमी बहुधा कॉन्ट्रासीकमच्या अळ्या असतात. त्यांचं पुढचं घर पाणकावळ्यासारख्या पक्ष्यांच्या पोटात. दुसरा गोलकृमी आहे युस्ट्राँजिलायडीस. तो गडद लाल, लांब, गोल गुंडाळलेला असतो. मरळसारख्या शिकारी माशांत तो सापडला तर नवल नाही. त्याचा लाल रंग त्याच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनचा असतो. चिमट्याने कवच फाडलं की तो झटकन उलगडतो आणि ताटलीभर फिरतो.

बाकीचे अवयव

अवयव एकेक करून वेगळे काढा आणि प्रत्येकाला स्वतंत्र ताटली द्या. ताटलीखाली अवयवाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

यकृत, प्लीहा आणि कण्याखालची गडद लाल पट्टी, म्हणजे वृक्क (मूत्रपिंड), यांचे छोटे तुकडे दोन काचांमध्ये दाबून उजेडासमोर धरा. पित्ताशय फोडून त्यातला पित्तरस काचेवर घ्या, तिथे छोटे पर्णकृमी आणि एकपेशीय जीव सापडतात. वाताशय म्हणजे माशाचा हवेचा फुगा. तो बाहेरून नुसता चाचपून सोडू नका, उघडा. ईल माशाच्या वाताशयात राहणारा अँग्विलिकोला हा गोलकृमी आशियाई ईलबरोबर १९८० च्या दशकात युरोपात पोचला आणि तिथल्या ईलना त्याची सवय नसल्याने त्यांचे वाताशय खराब झाले. आधी सांगितलेल्या नियमाचा हा अपवाद. इथे जंत आतड्यात नसूनही मुक्कामाला पोचलेला असतो.

वृक्कात, कल्ल्यांवर किंवा जननग्रंथीत दुधाळ पांढऱ्या गाठी दिसल्या तर एक फोडून पाण्याच्या थेंबात ४०० पटीत बघा. हजारो एकसारखे, अंडाकृती बीजाणू दिसले, ज्यांच्या एका टोकाला दोन थेंबासारख्या पिशव्या आहेत, तर तो मिक्सोबोलस. हे दिसायला एकपेशीय जीवांसारखे असले तरी नात्याने जेलीफिशच्या कुळातले आहेत. त्यांच्या चक्राचा छडाही उशिरा लागला. माशातला बीजाणू थेट दुसऱ्या माशाला लागण करत नाही, मध्ये चिखलातला ट्युबिफेक्स नावाचा गांडुळाचा नातलग लागतो, हे १९८४ साली वुल्फ आणि मार्किव यांनी ट्राउटच्या गरगर रोगावर काम करताना दाखवलं. गाळाने भरत चाललेल्या जलाशयात या किड्यांची चंगळ असते.

आतडं

इथे घाई करू नका. आतडं सरळ करून तीन भागांत कापा: पुढचा, मधला, मागचा. कोणता जंत कोणत्या भागात आवडीने राहतो ते ठरलेलं असतं, म्हणून भाग वेगळे. प्रत्येक भाग मिठाच्या पाण्याच्या ताटलीत लांबीभर कात्रीने उघडा. आधी चिकटलेले जंत बघा, मग आतली भिंत काचेच्या कडेने हलकेच खरवडा. उरलेला गाळ उभट भांड्यात मिठाच्या पाण्यात ढवळून पाच मिनिटं स्थिर होऊ द्या, वरचं गढूळ पाणी ओता, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ होईपर्यंत हे केलं की तळाशी छोटे पर्णकृमी उरतात. जे फक्त डोळ्यांनी बघतात त्यांच्या नोंदीत पर्णकृमी कधीच नसतात. पाण्यात नाहीत म्हणून नव्हे, धुतलं नाही म्हणून.

चार गट वेगळे ओळखता आले की सुरुवातीला पुरे. फीतकृमी सपाट, पांढरे, पट्टीसारखे, तोंड नाही, आतडं नाही. पर्णकृमी छोटे, पानाच्या आकाराचे, एक किंवा दोन चूषक (चिकटून राहायच्या वाट्या), भिंगाखाली ते चूषक सरकताना दिसतात. गोलकृमी दोन्ही टोकांना निमुळते, गोल, वळवळणारे. चौथे काटेरी डोक्याचे कृमी. हे दिसायला जाड गोलकृमीसारखे, पण चिमट्याने ओढून सहज निघत नाहीत, कारण त्यांची आकड्यांनी भरलेली सोंड आतड्याच्या भिंतीत रुतलेली असते. ओढाल तर सोंड तुटून आत राहते आणि ओळख अशक्य होते. आतड्याचा तेवढा तुकडा कापूनच घ्या आणि सुया वापरून भिंतीतून सोंड सोडवा. मग, इतर सगळ्या जंतांच्या उलट, यांना साध्या थंड पाण्यात फ्रिजमध्ये काही तास ठेवा. पाणी शोषून शरीर ताठ होतं आणि सोंड पूर्ण बाहेर येते. त्यावरच्या आकड्यांच्या रांगा मोजूनच जात ठरते.

काटेरी डोक्याच्या कृमींचा आणखी एक उपयोग आहे. त्यांना आतडं नसतं, ते अंगानेच अन्न शोषतात, आणि त्याबरोबर शिशासारखे जड धातूही. माशाच्या मांसात जेमतेम सापडणारं शिसं या कृमींच्या अंगात कितीतरी पटींनी जास्त साठलेलं असतं. जलाशयात कारखान्याचं पाणी येत असेल आणि धातूंची तपासणी व्हायची असेल तर हे कृमी जपून ठेवा, वेगळे, फॉर्मेलिन (नमुने टिकवायचं रसायन) न घालता गोठवून.

मांस आणि डोळे

मांसाचे अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करून उजेडासमोर धरा. पिवळट, ३ ते ६ मिलिमीटरच्या गाठी बहुधा क्लिनोस्टोममच्या. गाठ टोचली की आतून जिवंत पर्णकृमी बाहेर पडतो आणि पाण्यात लांबट-आखूड होत राहतो. वयात आल्यावर तो बगळ्याच्या घशात राहतो. ही गाठ दिसायला किळसवाणी असते, त्यामुळे विक्रीचा मासा परत येतो.

डोळा काढून त्यातलं भिंग वेगळं करा आणि दोन काचांमध्ये दाबा. डिप्लोस्टोमम या पर्णकृमीच्या अळ्या तिथे हलताना दिसतात. गोगलगायीतून बाहेर पडलेली अळी माशाची कातडी भेदून साधारण एका दिवसात डोळ्यात पोचते. भिंगापर्यंत माशाची प्रतिकारशक्ती पोचत नाही, म्हणून ही जागा तिला सोयीची. अळ्या जास्त झाल्या की मोतीबिंदू होतो, माशाला भक्ष्य नीट दिसत नाही, आणि कुरवांना मात्र तो मासा छान दिसतो.

जंत वाटतं, पण जंत नाही

हे सगळ्यात उपयोगी प्रकरण आहे आणि पुस्तकांत त्याला एखाद-दुसरी ओळ मिळते. काही माशांच्या जठराच्या टोकाला बोटांसारख्या आंधळ्या नळ्या असतात, त्या माशाच्याच अवयव आहेत. रोहू-कटला यांसारख्या कार्प कुळातल्या माशांना त्या नसतात, जठरही नसतं. चरबीच्या पांढऱ्या पट्ट्या, रिकाम्या रक्तवाहिन्या, मोठ्या मज्जातंतूंचे धागे, अपक्व नराच्या जननग्रंथी, आतड्यातला श्लेष्माचा गोळा, खाल्लेल्या शेवाळाचे तंतू, या सगळ्यांना नवखे जंत समजतात. कसोटी सोपी: मोकळं टोक शोधा. जंताला दोन मोकळी टोकं असतात. अवयव कुठेतरी जोडलेला असतो. मिठाच्या कोमट पाण्यात तो हलला तर प्रश्नच मिटला. मात्र आतड्यात सापडलेलं गांडूळ किंवा किड्याची अळी हलूही शकते. ते माशाचं जेवण आहे, पाहुणा नव्हे.

नमुना टिकवणं

गोलकृमी थेट थंड अल्कोहोलमध्ये टाकले की वेटोळं करतात. त्यांना ७० टक्के अल्कोहोल गरम करून त्यात टाका म्हणजे ते सरळ होऊन मरतात. अल्कोहोल कधीही ज्योतीवर गरम करायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून करायचं. पर्णकृमी आणि फीतकृमी यांना गरम, ४ टक्के फॉर्मॅल्डिहाइडच्या द्रावणाने (म्हणजे पातळ फॉर्मेलिनने) मारलं की अंग सैल राहतं आणि नंतर कार्माइन या लाल रंगाने रंगवता येतं. फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि श्वासाला वाईट, उघड्या हवेतच काम करा. डीएनएसाठी नमुना हवा असेल तर फॉर्मेलिनच्या जवळही नेऊ नका, ९५ टक्के इथेनॉलमध्ये वेगळा ठेवा.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने लिहिलेली. बाहेर चिकटवलेली निघते आणि पेनची शाई अल्कोहोलमध्ये वाहून जाते. चिठ्ठीवर माशाचा क्रमांक, अवयव आणि तारीख. जंताचं नाव नंतर.

मोजणी

जंत न सापडलेला मासा वहीत शून्य म्हणून लिहा. शून्य गाळणारी वही निरुपयोगी.

समजा २० मासे तपासले, ८ माशांत लिग्युला मिळाली, एकूण ४०. मग प्रादुर्भाव ४० टक्के. बाधित माशामागे सरासरी ५, आणि तपासलेल्या प्रत्येक माशामागे २. शेवटच्या दोन आकड्यांत लोक सतत गल्लत करतात. या संज्ञा १९९७ साली बुश आणि सहकाऱ्यांनी नेमक्या करून दिल्या, तेव्हापासून तरी गल्लतीला सबब नाही. आता त्या ८ माशांतले आकडे बघा: २७, ३, ३, २, २, १, १, १. एकाच माशात २७. सरासरी ५ म्हणते, पण मधला आकडा २ आहे. परजीवी बहुतेक वेळा असेच वाटलेले असतात. थोड्या माशांत खूप, बहुतेकांत थोडे किंवा काहीच नाही. म्हणून पाच-सहा मासे तपासून काढलेली सरासरी मी फारशी मनावर घेत नाही.

खायचं की नाही

डोळ्यांना दिसणारे मोठे जंत, लिग्युला किंवा क्लिनोस्टोममसारखे, किळस आणतात. पण मासा नीट शिजवला तर त्यांच्यापासून धोका नाही. खरी काळजी न दिसणाऱ्यांची. माणसाच्या यकृतात राहणाऱ्या ऑपिस्थॉर्किस आणि क्लोनॉर्किस या पर्णकृमींच्या अळ्या कार्प कुळातल्या माशांच्या मांसात असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनी या जातीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं, २००९ मध्ये क्लोनॉर्किसलाही. थंड प्रदेशातल्या गोड्या पाण्यातला डायफिलोबोथ्रियम हा फीतकृमी माणसाच्या आतड्यात कित्येक मीटर वाढतो आणि जीवनसत्त्व ब-१२ पळवतो. ग्नॅथोस्टोमा या गोलकृमीची अळी माणसाच्या कातडीखाली फिरत राहते. लाल युस्ट्राँजिलायडीसचीही गंमत करू नका. १९८२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमध्ये गळाला लावायचे छोटे मासे जिवंत गिळलेल्या मच्छीमारांचं आतडं या अळ्यांनी भेदल्याची नोंद आहे.

या सगळ्यांत समान धागा एकच: मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला. माशाच्या सर्वांत जाड भागाच्या मध्यापर्यंत किमान ६३ अंश सेल्सियस तापमान गेलं, मांस पारदर्शकपणा सोडून पांढरं झालं आणि काट्यापासून सहज सुटलं, की हे जंत मरतात. कच्चा खायचाच असेल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर कडक गोठवून त्याच तापमानात १५ तास अशी आहे. घरगुती फ्रीजर अनेकदा तेवढा थंड नसतो. लिंबू, व्हिनेगर, मीठ, तिखट यांच्या भरवशावर राहू नका. सुरी आणि पाट भाजी चिरायच्या आधी धुवा.

जलाशयासाठी काय करता येतं

फीतकृमी आणि पर्णकृमींवर प्रॅझिक्वांटेलसारखी औषधं टाकीत चालतात. जलाशयात औषध टाकायचा विचार सोडून द्या, एवढं पाणी औषधाने भरता येत नाही. पक्षी हाकलण्यानेही फारसं साधत नाही. ते उद्या परत येतात आणि अंडी तर आज पडलेली असतात. बाधित माशांची जास्त मासेमारी करणं, तेही पक्ष्यांनी ते उचलायच्या आधी, हा लिग्युलावर त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय आहे. गोगलगायी खाणारे परके मासे सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी मत्स्यविभागाला विचारा, जंतापेक्षा परका मासा जास्त त्रासदायक ठरू शकतो.

साफ केलेल्या माशांची आतडी आणि डोकी पाण्यात फेकू नका, काठावरच्या कुत्र्या-मांजरांनाही कच्ची घालू नका. ऑपिस्थॉर्किससारख्यांना कुत्रं-मांजरही माणसाइतकंच चालतं. खोल खड्ड्यात पुरा किंवा उकळून मग वापरा.

बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडण्याआधी मात्र नक्की थांबा. आशियाई फीतकृमीचं वर्णन १९३४ साली जपानमधून झालं आणि पुढे गवत्या माशाच्या (ग्रास कार्पच्या) बीजाबरोबर तो जगभर पोचला. छोट्या माशांच्या आतड्याचा पुढचा भाग तो बुजवून टाकतो आणि बीज मरतं. प्रत्येक खेपेतले काही मासे, त्यातही सुस्त आणि पोट फुगलेले, आधी उघडा. आतड्याच्या पुढच्या भागात पत्त्यातल्या बदामाच्या, म्हणजे हृदयाच्या आकाराचं डोकं असलेली पांढरी फीत दिसली तर ती सगळी खेप टाकीतच अडवून ठेवा, औषधोपचार करून पुन्हा तपासा, आणि दुसऱ्या तपासणीतही आतडी स्वच्छ निघाल्याशिवाय एकही बोटुकली जलाशयात सोडू नका.